वीट की सिपोरेक्स हे नंतर. साताऱ्या-सांगलीत घराच्या भिंती ठरवायचा क्रम

नकाशा मंजूर झाला, बोअरला पाणी लागलं, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वीट लावू की सिपोरेक्स?" (सिपोरेक्स म्हणजे वाफेत दाबाखाली शिजवलेला, छिद्रांचा हलका सिमेंटी ब्लॉक.) प्रश्न बरोबर आहे, पण त्याचा नंबर चौथा आहे. तो पहिला विचारला जातो म्हणून पाटणकडे नव्या घराच्या भिंती दुसऱ्याच पावसाळ्यात ओल धरतात, जतला सिमेंट ब्लॉकच्या खोलीत एप्रिलमध्ये दुपारी बसवत नाही, आणि सांगलीत पुराचं पाणी येणाऱ्या गल्लीत तळमजल्याला आतून जिप्सम मारून घेतलेलं असतं. दर शेकडा किती, एवढ्यावरच भिंत ठरते आणि पुढची वीस-तीस वर्षं ती निस्तरावी लागते.

माझं म्हणणं सरळ आहे. आधी जागेचा त्रास ओळखा: पाणी पहिलं, ऊन दुसरं. मग मटेरियल निवडा, आणि भाव नुसत्या विटेचा नाही तर तयार भिंतीचा काढा. खालचा क्रम एकमजली किंवा दुमजली स्वतंत्र घरासाठी आहे.

## टप्पा 1: पाणी कुठून येणार ते बघा

आपल्याकडे "सातारा जिल्ह्यात कसली भिंत चांगली" याला एक उत्तर नाही. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये 500 च्या आसपास. सांगलीत शिराळ्याचा पश्चिम भाग आणि जत यांच्यातही असाच फरक. त्यामुळे पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या पाहुण्यांनी काय लावलं हे विचारण्याआधी स्वतःच्या प्लॉटला तीन प्रश्न विचारा.

पहिला, पाऊस आडवा येतो का? महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा या पट्ट्यात नैऋत्येचा वारा पाऊस घेऊन सरळ भिंतीवर आपटतो. इथे भिंतीचं मुख्य काम पाणी आत न येऊ देणं हे आहे, उष्णता नंतर. बाहेरची भिंत चार इंची करायचा विचारही करू नका. गवंडी "डबल प्लास्टर करू" म्हणेल. चार इंची भिंतीत सांधा आरपार असतो आणि पाण्याला तेवढी वाट पुरते.

दुसरा, जमीन काय आहे? कृष्णाकाठची वाळवा, पलूस, मिरज, कराडकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ही हालचाल पाया मुरमापर्यंत नेऊन किंवा पाइल (जमिनीत खोल नेलेले काँक्रीटचे खांब) घेऊन आणि प्लिंथ बीमने, म्हणजे जोत्याच्या पातळीवरच्या बीमने, थांबवायची असते. त्यावर कुठलीही भारी भिंत हा इलाज नाही. कच्च्या पायावर विटेची भिंत तडकते आणि सिपोरेक्सची जरा आधी तडकते, एवढाच फरक. जोत्यात भरावही मुरमाचाच घ्या. खोदाईतली काळी माती परत आत ढकलायची सवय अनेक साइटवर आहे.

तिसरा, पूर. 2005, 2019 आणि 2021 ला पाणी कुठवर आलं होतं ते शेजारच्या जुन्या घराच्या भिंतीवर अजून दिसतं, नाहीतर गल्लीतलं कोणीही हात करून दाखवेल. सोबत जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा नगरपालिकेत बघून घ्या. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवं घर बांधायचंच नाही. दोन रेषांच्या मध्ये असाल तर परवानगीच्या अटी आणि जोत्याची उंची आधी समजून घ्या, भिंतीचं त्यानंतर.

तपासा: जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर प्लॉटवर जा. पाणी कुठे साचतं, रस्त्याचं पाणी कुठून आत येतं ते बघा. जोतं त्या पातळीच्या किमान दीड फूट वर हवं. पुढे रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, तेही धरून चाला.

## टप्पा 2: कुठली भिंत तापणार ते नकाशावर खूण करा

आपल्या अक्षांशावर मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर असतो. म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन फारसं पडतच नाही. दोन फुटी छज्जा असला की दक्षिणेची खिडकी सांभाळली जाते. दुपारभर तापतो तो स्लॅब, आणि तीननंतर पश्चिमेची भिंत. संध्याकाळचं ऊन तिरपं येतं, म्हणून छज्जा कितीही पुढे काढला तरी पश्चिमेला तो निम्माच उपयोगी.

हीच पश्चिम-नैऋत्य बाजू पावसाळ्यात झड खाते. घरातली सगळ्यात जास्त मार खाणारी बाजू ही, आणि वास्तूच्या हिशेबाने मालकाची बेडरूम नेमकी नैऋत्येला येते. वास्तू पाळायची की नाही हा घरच्यांचा प्रश्न. पाळणार असाल तर त्या खोलीच्या पश्चिम भिंतीवर जादा खर्च आताच धरा. पाळत नसाल तर जिना, संडास-बाथरूम, स्टोअर, पडवी पश्चिमेला सरकवा. त्याच्याइतकं स्वस्त इन्सुलेशन दुसरं मिळत नाही.

नऊ इंची विटेची भिंत उष्णता लगेच आत सोडत नाही, सहा-सात तास धरून ठेवते. चार वाजताचं ऊन आत पोचतं ते रात्री दहा-अकराला. ओळखीच्या कोणाच्या पश्चिमेच्या बेडरूममध्ये मे महिन्यात जेवणानंतर जाऊन भिंतीला आतून तळहात लावून बघा. बाहेर गार वारा सुटलेला असतो आणि भिंत कोमट लागते. म्हणून जी खोली दिवसा वापरायची तिला जड भिंत चालते, आणि जिथे झोपायचं तिथे हलकी, उष्णता अडवणारी भिंत बरी.

## टप्पा 3: कॉलमचं डिझाइन होण्याआधी भिंत कळवा

हा टप्पा सर्रास वगळला जातो. दोन्ही बाजूंनी प्लास्टर केलेली नऊ इंची विटेची भिंत चौरस मीटरला साधारण 500 किलो भरते. आठ इंची सिपोरेक्सची भिंत 200 च्या आसपास. एवढा फरक असताना कॉलम, बीम, फुटिंगचं (कॉलमखालच्या पायाचं) स्टील एकच कसं राहील?

विटेवर डिझाइन करून नंतर ब्लॉक लावले तर स्टीलचे पैसे वाया जातात. उलटं केलं, म्हणजे ब्लॉकवर डिझाइन आणि "ब्लॉक वेळेवर आले नाहीत" म्हणून नऊ इंची वीट, तर ते सरळ धोक्याचं आहे. कोयनेचा 11 डिसेंबर 1967 चा भूकंप याच भागातला. इथे जादा वजन नुसतं खाली दाबत नाही, धक्क्यात आडवंही ओढतं.

फ्रेम, म्हणजे कॉलम-बीमचा सांगाडा, न घेता भार घेणाऱ्या भिंतींवर घर बांधायचं असेल, अजून खेड्यात बरीच बांधतात, तर जोत्याला, लिंटेलला (दार-खिडक्यांच्या डोक्यावर) आणि छपराखाली असे तीन आरसीसी पट्टे अखंड, चारही भिंतींवरून फिरवून घ्या. दगडी भिंत असेल तर आरपार जाणारे दगड सोडू नका. दोन अंगांनी दगड रचून मध्ये चिपा-माती भरलेली भिंत धक्क्यात सुटी होते. सिपोरेक्स मात्र भार घ्यायला वापरू नका; ते फ्रेमच्या आत भरायचंच मटेरियल आहे.

सावध: "कॉलम ओतून ठेवू, भिंतीचं नंतर बघू" असं ठेकेदार म्हणाला तर थांबा. भिंतीची जाडी आणि मटेरियल इंजिनिअरच्या ड्रॉइंगवर लिहिलेलं असल्याशिवाय फुटिंगचं स्टील बांधू देऊ नका.

## टप्पा 4: आता मटेरियल

उष्णता भिंतीतून किती सहज आरपार जाते याचा एक आकडा असतो, यू-व्हॅल्यू. जितका कमी तितकं बरं. प्लास्टरसकट नऊ इंची विटेची भिंत 2 च्या आसपास. सहा इंची भरीव सिमेंट ब्लॉक 3 च्या आसपास. सहा इंची सिपोरेक्स 1 च्या जवळ आणि आठ इंची पाऊणच्या. उघडा पाच इंची स्लॅब साडेतीनच्या आसपास. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नुसतं हे बघितलं तर सगळीकडे सिपोरेक्सच लावायला हवं. पण पाणी पहिलं म्हटलं ते इथे आडवं येतं. सिपोरेक्सला भरपूर छिद्रं असतात. पाणी लागलं की ते पितं आणि वाळायला वेळ घेतं, आणि ओलं झालं की उष्णता अडवायची ताकदही घटते.

दुष्काळी पूर्व भागात, म्हणजे माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळला, माझी पहिली पसंती सिपोरेक्सला, बाहेर आठ इंच आणि आत चार इंच. कारण नुसती उष्णता नाही. विटेला भिजवायला पाणी, मालाला पाणी, मग आठ-दहा दिवस भिंतीवर पाणी. टँकरने घर बांधणाऱ्याला हा खर्च चांगला ठाऊक असतो. त्यात बोअरचं पाणी खारं असेल तर वर्षभरात विटेला लोणा (पांढरा खार) लागतो आणि जोत्याजवळचा रंग पापुद्रे धरून सुटतो. ब्लॉक चिकटवायच्या केमिकलला पाणी नावापुरतं लागतं. घरात जुना दगड पडून असेल तर अठरा इंची दगडी भिंत दिवसाच्या खोल्यांना उत्तमच. रात्री खिडक्या उघड्या ठेवून ती गार करता आली पाहिजे, एवढी अट.

पावसाच्या पश्चिम भागात चांगली भाजलेली नऊ इंची वीट किंवा चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत, बाहेरून दोन थरांचं वॉटरप्रूफ प्लास्टर आणि लांब पागोळी. चिरा पाणी पितो, म्हणून तो बाहेरून उघडा ठेवायची हौस पश्चिमेच्या अंगाला करू नका. महाबळेश्वर-पाचगणीकडे आतून थर्माकोल किंवा जिप्समचे बोर्ड लावून "गरम घर" करायचा सल्ला कोणी दिला तर सरळ नाही म्हणा. धुक्याच्या दिवसांत बोर्डामागे दमट हवा अडकते आणि गणपतीपर्यंत मागून काळी बुरशी चढते. त्या भागात घर कोरडं ठेवतं ते छपराचं पुढे आलेलं अंग आणि हवा खेळती राहणं.

मधल्या पट्ट्यात, सातारा, कराड, इस्लामपूर, सांगली-मिरजेला, दोन्ही चालतं. पुराचं पाणी येण्यासारखी जागा असेल तर तळमजला विटेचा, सिमेंटच्या मालात, सिमेंट प्लास्टरचा. वरचा मजला सिपोरेक्सचा. तळाला जिप्सम, पीओपी, कुठलाही बोर्ड नको. विजेचे सॉकेट पुराच्या खुणेच्या वर.

फ्लाय अ‍ॅशची वीट आकाराने सारखी येते, प्लास्टर कमी लागतं, पण उष्णतेच्या बाबतीत तिच्याकडून मातीच्या विटेपेक्षा फार वेगळी अपेक्षा ठेवू नका. भरीव सिमेंट ब्लॉक कंपाउंडला, गोठ्याला, पंपाच्या खोलीला घ्या. राहत्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला नको. विटेचाच पण बरा मार्ग हवा असेल तर रॅट ट्रॅप बाँड आहे. विटा उभ्या कडेवर लावून नऊ इंची भिंतीत पोकळी सोडतात. साधारण पाव हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे ऊन थोडं कमी आत येतं. अडचण एकच, गवंड्याने आधी केलेलं हवं. तुमच्या घरावर त्याला शिकू देऊ नका. आणि झडीच्या भिंतीला ही पद्धत नकोच.

पश्चिमेच्या भिंतीला जादा काय करायचं? आधी सावली: पडवी, वेलाचा मांडव, शेवगा, उभ्या जाळीचा पडदा, काहीही. मग तेवढ्या भिंतीला आठ इंची सिपोरेक्स. इतक्याने बहुतेक घरांचं भागतं. दोन चार इंची भिंतींमध्ये दोन इंच पोकळी सोडून त्यात एक्सपीएस शीट (दाट, पाणी न पिणारा फोम) घालायची पद्धत चांगली आहे, पण दोन भिंती जोडणाऱ्या न गंजणाऱ्या पट्ट्या, पोकळीत माल पडू न देणं, खाली पाणी निघायला भोकं, हे सगळं रोज उभं राहून करून घ्यावं लागतं. मालक मुंबईत आणि काम मामांच्या देखरेखीखाली असेल तर हा मार्ग सोडून द्या.

सावध: एका कॉलमपासून दुसऱ्या कॉलमपर्यंतच्या एकाच भिंतीत वीट आणि ब्लॉक मिसळू नका. दोन्हींचं वाळणं वेगळं, सांध्यावर चीर ठरलेली. वेगवेगळ्या भिंती वेगवेगळ्या मटेरियलच्या चालतात.

## टप्पा 5: तयार भिंतीचा हिशेब

शंभर चौरस फूट नऊ इंची भिंतीला 9 बाय 4 बाय 3 च्या नऊशेच्या वर विटा जातात, तुटफूट वेगळी. तेवढ्याच भिंतीला दोन फूट बाय आठ इंचाचे सिपोरेक्सचे 77-78 ब्लॉक. नुसत्या नगाची तुलना इथेच निरर्थक होते. शंभर चौरस फुटाला हे सगळं मांडा: विटा किंवा ब्लॉक साइटपोच, सिमेंट-वाळू किंवा केमिकल, गवंडी-बिगारी मजुरी, दोन्ही बाजूंचं प्लास्टर, पाणी, तूट. ब्लॉकच्या बाजूने स्टीलमधली बचत इंजिनिअरकडून लिहून घ्या, अंदाजाने धरू नका.

जागेचाही हिशेब आहे. 30 बाय 40 च्या घराला बाहेरची भिंत नऊ इंचाऐवजी सहा इंची केली तर आत 35 चौरस फुटांच्या आसपास जागा मिळते. कोरड्या भागात, पश्चिम सोडून बाकीच्या बाजूंना ते करायला हरकत नाही.

वेळही धरा. वीटभट्ट्या पावसाळ्यात बंद असतात. भिंतीचं काम जून ते ऑक्टोबरमध्ये येणार असेल तर विटा मेअखेर आणून, खाली फळ्या किंवा मुरूम टाकून, वर ताडपत्री घालून ठेवा. थेट काळ्या मातीवर रचलेल्या थप्पीचे खालचे दोन थर बाद होतात.

## टप्पा 6: गाडी उतरायच्या आधी

विटेच्या गाडीतून वरच्या नव्हे, मधल्या सात-आठ विटा काढा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज हवा. चार फुटांवरून सपाट जमिनीवर टाकलेली वीट फुटता कामा नये. मोडलेल्या विटेचं पोट एकसारखं लाल हवं; मध्ये काळं किंवा पिवळट म्हणजे भाजणी कच्ची. नखाने ओरखडा उठत असेल तर गाडी परत.

मग वजन काट्यावर. कोरडी वीट तोला, चोवीस तास पाण्यात ठेवा, पुसून परत तोला. वजन वीस टक्क्यांपेक्षा जास्त वाढू नये. तीन किलोची वीट तीन किलो सहाशेच्या आत राहिली पाहिजे. लोणा लागण्याची परीक्षा त्याहून सोपी: ताटलीत इंचभर पाणी घालून वीट उभी ठेवायची, पाणी आटलं की पुन्हा घालायचं, दोनदा आटल्यावर विटेवर पांढरं किती उठलं ते बघायचं. परीक्षा साइटवरच्याच पाण्याने करा, म्हणजे पाण्याचाही निकाल लागतो.

सिपोरेक्समध्ये फसवणूक वेगळी. सीएलसी नावाचे फेसाळ सिमेंटचे ब्लॉक "तेच आहे, लोकल आहे" म्हणून खपवले जातात. ते भट्टीच्या वाफेत दाबाखाली शिजवलेले नसतात, जड असतात आणि पुढे जास्त आकसतात. सहा इंची खरा ब्लॉक सुकल्यावर साधारण 11-12 किलोचा असतो. कारखान्यातून ताजा आला तर ओलाव्यामुळे दोन-तीन किलो जास्त भरेल. पंधरा दिवसांनी परत तोला. बिलावर आयएस 2185 भाग 3 आणि घनतेचा ग्रेड लिहून मागा. कडा शाबूत आहेत ना, आणि दोन ब्लॉक एकमेकांवर ठेवल्यावर डुगडुगतात का, एवढं डोळ्याने कळतं.

## टप्पा 7: भिंत उभी करताना

विटेचं काम आपल्या गवंड्यांच्या हातात बसलेलं आहे, म्हणून त्यावर थोडक्यात. वीट भिजवलेली हवी, बुडबुडे थांबेपर्यंत. नुसतं पाइपने शिंपडून चालत नाही. नऊ इंचीला एकास सहा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), चार इंचीला एकास चार माल. चार इंची भिंतीला दर तीन-साडेतीन फुटांवर पाटली, म्हणजे काँक्रीटचा आडवा पट्टा. एका दिवसात साडेचार-पाच फुटांच्या वर जाऊ नका, आणि किमान सात दिवस दोन्ही वेळा पाणी मारा.

जोत्याच्या वर पहिला थर लावण्याआधी डीपीसी, म्हणजे ओल वर चढू न देणारा थर. सगळ्या भिंतींखाली, दरवाज्याच्या खालीसुद्धा, अखंड. दीड-दोन इंच काँक्रीटमध्ये वॉटरप्रूफिंग पावडर आणि वर डांबराचा हात. प्लिंथ बीम आहे म्हणून डीपीसी नको, हे साइटवर हमखास ऐकू येतं. बीमचं काँक्रीट साधं असेल तर त्यातून ओल चढते.

सिपोरेक्सचं काम बिघडतं ते विटेच्या सवयीने केल्यामुळे. ब्लॉक पाण्याच्या टाकीत बुडवायचे नाहीत. ब्रशने वरून ओला हात पुरे. पहिला थर सिमेंटच्या मालात, दोरी आणि लेव्हल लावून, अगदी सपाट. हा थर बसवायला अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या. त्यावर पुढचे थर केमिकलने, दोन-तीन मिलिमीटर जाडीने, दातेरी थापीने पसरून. "केमिकल महाग पडतं" म्हणून अर्धा इंच सिमेंटचा सांधा दिला की ब्लॉक त्यातलं पाणी शोषतो, माल भुसभुशीत होतो, आणि प्रत्येक सांधा उष्णतेला वाट देतो. सांधे जाडच ठेवायचे असतील तर ब्लॉकवर जादा पैसे घालण्यात अर्थ उरत नाही.

ब्लॉक करवतीने कापायचा, हातोडीने फोडायचा नाही. पाटली इथेही हवी, साधारण चार फुटांवर. बीमखाली शेवटचा थर घट्ट ठोकून बसवू नका. अर्धा इंच फट सोडा आणि भिंत आठ-दहा दिवस स्थिरावल्यावर भरा. वरचा बीम थोडा लवतो, ते वजन भिंतीवर आलं की आडवी चीर पडते आणि दोष ब्लॉकला लागतो.

वायरिंगच्या खाचा भिंत पक्की झाल्यावर, कटर मशीनने, जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नाही. छिन्नी-हातोडीवाला इलेक्ट्रिशियन चार इंची ब्लॉकची भिंत हलवून ठेवतो. त्याला कामाआधी सांगा. गीझर, वॉश बेसिन, किचनच्या कपाटांच्या जागा आताच ठरवून तिथे काँक्रीटचा पॅच घ्या.

तपासा: प्लास्टरआधी प्रत्येक भिंतीच्या दोन्ही टोकांना ओळंबा लावा. प्लास्टरने वाकडेपणा झाकायला परवानगी दिली की एका बाजूला दोन इंच माल चढतो, आणि तोच पुढे सुटतो.

## टप्पा 8: प्लास्टर

भिंत आणि कॉलम-बीमच्या प्रत्येक सांध्यावर जाळी, दोन्ही अंगांना सहा-सहा इंच जाईल अशी, खिळ्यांनी ताणून. ढिली जाळी प्लास्टरच्या मागे पोकळी सोडते. बोटाने दाबून बघा, हलता कामा नये.

बाहेरून दोन थर, मिळून पाऊण इंच. विटेला एकास चार, वॉटरप्रूफिंग घालून. सिपोरेक्सला जास्त सिमेंट म्हणजे जास्त मजबूत, हा समज सोडा. कडक प्लास्टर मऊ ब्लॉकवर आकसतं आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात. तिथे एकास पाच-सहा माल, आणि भिंत उभी राहिल्यावर दोन-तीन आठवडे सुकू दिल्यावरच. पश्चिमेच्या ब्लॉकच्या भिंतीला पहिल्या पावसाळ्याआधी बाहेरचा रंग झालाच पाहिजे. पैसे संपले म्हणून उघडं प्लास्टर ठेवायचंच असेल तर ते पूर्वेला ठेवा.

छज्जा आणि खिडकीच्या दगडाखाली पाणी तोडणारी खाच विसरू नका. पॅरापेटच्या डोक्याचा उतार आत, स्लॅबकडे. दर्शनी भिंतीला दगडी टाइल्स लावायच्या असतील तर ब्लॉकवर नुसत्या केमिकलने लावू नका. जाळीचं प्लास्टर आणि वरच्या उंचीला क्लॅम्प. नाहीतर एखाद्या दुपारी टाइल खाली येते, बहुतेक वेळा पार्किंगच्या बाजूला.

## टप्पा 9: स्लॅब, म्हणजे इन्सुलेशनचे खरे पैसे इथे

30 बाय 40 च्या एकमजली घराला स्लॅब 1,200 चौरस फूट आणि पश्चिमेची भिंत तीनशे-चारशे. उघड्या स्लॅबचा आकडा साडेतीन, हे वर आलंच आहे. भिंतीला महागडा ब्लॉक आणि वर उघडा स्लॅब, अशी घरं कराड-सांगलीत गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचे मालक सिपोरेक्सला शिव्या देतात.

क्रम असा. स्लॅब भरल्यावर, क्युरिंग झाल्यावर, आळी करून किमान दोन दिवस पाणी साठवा आणि खालून ओल बघा. गळती असेल तर ती आता बुजवा. मग पॅरापेटच्या सांध्यात वाटा (मालाचे गोलसर कोपरे) करून वॉटरप्रूफिंगचा थर. त्यावर दोन इंची एक्सपीएस शीट, सांधे टेपने बंद. वर जिओटेक्स्टाइल कापड, मग उतार देऊन काँक्रीट आणि पांढरी चायना मोझॅक. एवढ्याने साडेतीनचा आकडा 0.5 च्या आसपास येतो, म्हणजे सातव्या हिश्शावर. साधा थर्माकोल इथे नको, तो पाणी धरतो आणि दबतो.

बजेट नसेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा. गळती तो थांबवतो, ऊन थोडं अडवतो, पण चौरस मीटरला दोनशे किलोपर्यंत वजन टाकतो. इंजिनिअरला टप्पा 3 मध्येच सांगितलेलं हवं. तेही नसेल तर दरवर्षी होळीच्या सुमारास गच्चीला पांढरा चुना, डिंक घालून दोन हात. खर्च नगण्य आणि फरक त्याच आठवड्यात कळतो, फक्त धूळ बसली की धुवावं लागतं. पुढे वर मजला चढवायचा असेल तर महागडे थर आता घालू नका, चुन्यावरच वेळ काढा.

खालून पीओपीची सिलिंग म्हणजे इन्सुलेशन नव्हे. स्लॅब तापलेलाच राहतो, उष्णता थोडी उशिरा खाली येते. आणि वरून गळत असेल तर ते कळायलाही उशीर होतो.

टाकीचे पाय, सोलरचं स्टँड, डिशचा खांब यांचे चौथरे वॉटरप्रूफिंगच्या आधी स्लॅबवर ओतून घ्या आणि वाटा त्यांच्याभोवतीही फिरवा. नंतर ड्रिल घेऊन गच्चीवर चढणारा माणूस खाली कुठले थर आहेत ते विचारत नाही.